चौकोनी चेंबरला भोक पाडण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये काम गोल टाक्यांचं जास्त. पहिला चौकोनी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं भांडं) केला, तेव्हा सवयीने नोझलभोवती, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडाभोवती, मजबुतीसाठी प्लेटचं गोल कडं, म्हणजे पॅड, लावून मोकळा झालो. हायड्रो टेस्टला, म्हणजे पाणी भरून दाब देऊन तपासताना, भिंत फुगली आणि पॅडच्या कडेच्या वेल्डला केसासारखी चीर गेली. चूक माझीच होती. गणित शिकलो ते त्यानंतर.

गोल शेल, म्हणजे टाकीचं गोल अंग, दाबाने ताणला जातो. सपाट भिंत वाकते. सगळा फरक इथे आहे. ६०० मिमी चौरस, लांबलचक चेंबर, १६ मिमी प्लेट आणि २.२ बार दाब धरा. ६०० मिमी व्यासाच्या, त्याच जाडीच्या गोल शेलला ताण येतो साधारण ४ मेगापास्कल. चौकोनात नुसता वाकण्याचा ताण कोपऱ्याशी १५५ आणि भिंतीच्या मध्यावर ७७.

म्हणून आधी जागा ठरवा, पॅड नंतर. चारही भिंती सारख्या असतील तर कोपऱ्यापासून बाजूच्या सुमारे २१ टक्क्यांवर, म्हणजे आपल्या मापात १२७ मिमीवर, मोमेंट, म्हणजे भिंत वाकवणारा जोर, शून्याला येतो. ड्रेन किंवा स्टीमचं नोझल तिथे सरकवता येतंय का, हे गिऱ्हाइकाला आधीच विचारा. बहुतेक वेळा येतं. ड्रॉइंगवर ते मधोमध असतं ते दिसायला बरं म्हणून.

आता मजबुती. १०० मिमीचं भोक १६ च्या प्लेटमधून १६०० चौरस मिमी लोखंड काढतं. दाबाच्या भांड्यांच्या अमेरिकन कोडमध्ये, म्हणजे एएसएमई सेक्शन ८, डिव्हिजन १ मध्ये, सपाट झाकणाला गरजेच्या जाडीवर हिशोब करून निम्मं क्षेत्रफळ भरून दिलं तरी चालतं. पण त्याच कोडच्या चौकोनी भांड्यांसाठीच्या परिशिष्ट १३ प्रमाणे भिंतीची वाकण्याची ताकदही धरावी लागते आणि भोकामुळे शेजारच्या भिंतींवरचा ताणही बदलतो. नुसतं लोखंड मोजून भागत नाही. ते प्लेटपासून किती उंच उभं आहे ते मोजा.

पातळ पॅड इथेच कमी पडतो. मी भोकाच्या दोन्ही अंगांना बाहेरून ५० × १० मिमीची फ्लॅट पट्टी उभी लावतो, चेंबरच्या लांबीला आडवी, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. दाराच्या चौकटीवर तुळई टाकतात, तसं. ताकद पातळ पॅडपेक्षा कितीतरी जास्त मिळते. पट्टी भिंतीच्या मध्येच तोडू नका. तुटल्या टोकाशी चीर जाते. आधीची रिब (भिंतीला मजबुतीसाठी लावलेली अशीच उभी पट्टी) भोकात येत असेल तर कापण्याआधी तिचा भार शेजारच्या रिबांवर नेणारी चौकट बसवा. फायनल गणित मात्र डिझाइन इंजिनियरकडून तपासून घ्याच, वाफेशी खेळ नको.

पॅड लावलाच तर त्याला ६ मिमीचं भोक ठेवा. त्यातून हवा सोडून, साबणाचं पाणी लावून वेल्ड तपासा.

हायड्रो टेस्ट डिझाइन दाबाच्या १.३ पट, तापमानाने धातूची ताकद बदलते त्याची दुरुस्ती धरून. नोझलजवळ आणि भिंतीच्या मध्यावर डायल गेज (भिंत किती हलली ते दाखवणारं काट्याचं माप) लावा. दाब उतरल्यावर काटा शून्यावर परत आला नाही, तर प्लेट कायमची वाकली आहे, थांबा. आणि सोलापूरच्या मे महिन्यात टेस्ट सकाळी सातला उरका. पाण्याने गच्च भरून बंद केलेलं भांडं उन्हात राहिलं, तर पंप बंद असला तरी आतला दाब चढत जातो. जेवायला जाताना व्हेंट, म्हणजे वरचं हवेचं तोंड, उघडून जा.