प्लगची जोडी पांढरी? मग कार्बोरेटरला हात लावू नका

आर्वीकडे आमच्या घरी अजून ॲम्बेसेडर आहे. मागच्या उन्हाळ्यात ती स्लोवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) थरथरायला लागली, चढावर मिस मारायला लागली. मिस्त्रीनं आल्या आल्या विचारलं, "भाऊ, कार्बोरेटर खोलू काय?" मीही म्हटलं, "खोल बापा." चूक दोघांची.

कार्बोरेटर एकच, चारही सिलिंडरला तोच पाजतो. त्याचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बिघडला तर चारही स्पार्क प्लग सारखेच काळे (पेट्रोल जास्त) किंवा सारखेच पांढरे (हवा जास्त) होतात. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, तेही चौघांचं. आमचे १ आणि २ नंबरच्या सिलिंडरचे प्लग पांढरेफटक होते, ३ आणि ४ चांगले तपकिरी. कार्बोरेटरचा मिश्रणाचा स्क्रू ढिला करून पेट्रोल वाढवलं, तर पुढचे दोन जरा सुधारले आणि मागच्या दोघांनी काजळी धरली.

जोडीचं कारण इंजिनातच आहे. १४८९ सीसीच्या या इंजिनात चार सिलिंडरला इनलेटची (हवा-पेट्रोल आत यायची) तोंडं दोनच: १-२ चं एक, ३-४ चं एक. जोडी पांढरी पडली की तिथल्या मॅनिफोल्ड गॅसकेटमधून (हवा-पेट्रोलचा नळ इंजिनाला जोडतो तिथल्या सीलमधून) जादा हवा ओढली जाते आहे, असं धरून चालायचं. एकटंच सिलिंडर रुसलं तर आधी शेजारच्याशी प्लग बदलून पाहा. खोड प्लगसोबत गेली तर प्लग फेका. तिथंच राहिली तर वायर, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), या क्रमानं जा.

प्लगचा रंग पाहण्यातही लोक घोळ घालतात. अंगणात दहा मिनिटं स्लोवर ठेवून प्लग काढला तर काळाच दिसणार. मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर टॉप गिअरमध्ये दमानं चालवा, मग क्लच दाबून इग्निशन बंद करा आणि गाडी कडेला घ्या. चावी स्टिअरिंग लॉकपर्यंत फिरवू नका. कापसाची ट्रॅक्टर-ट्रॉली मागं असेल तेव्हा तर हा प्रयोग नकोच.

गळती शोधायला पेट्रोल किंवा क्लीनर मारणं सगळ्यात धोक्याचं. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा नळ) इनलेटच्या खालीच तापलेला असतो. कुंडीला पाणी मारायच्या बाटलीतून जोडावर बारीक फवारा मारा. (फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली घेऊ नका, हे आपल्याकडे सांगावंच लागतं.) पाणी गळतीवर पडलं की इंजिनचा सूर बदलतो. आमचा १-२ च्या तोंडापाशी बदलला.

मग नट आवळणं ही शेवटची चूक, तीही आम्ही केली. दोन दिवस बरं वाटलं. उघडून पाहिलं तर गॅसकेट एका बाजूनं जळालेलं आणि मॅनिफोल्डचं तोंड वाकडं. पट्टी लावून तोंड घासून सपाट केलं, नवं गॅसकेट टाकलं, नट मधून कडेला आवळत नेले, आणि इंजिन एकदा तापून गार झाल्यावर पुन्हा पाना फिरवला. स्क्रूही जुन्या जागी आणला. आता चारही प्लग तपकिरी आहेत. कार्बोरेटरचे पैसे मात्र गेले.