कूरी कोर्टात पहिल्यांदा बसण्याआधी

भारतातली एलएल.बी. घेऊन मेलबर्नला आलं की पुढे काय करायचं, हे मला बरेच जण विचारतात. पदवी व्हिक्टोरिया राज्याच्या (मेलबर्न याच राज्यात येतं) लीगल अॅडमिशन बोर्डाकडून तपासून घ्यायची, ‘प्रीस्टली इलेव्हन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ११ विषयांपैकी जे कमी पडतील ते इथे करायचे, मग प्रॅक्टिकल लीगल ट्रेनिंग. हा रस्ता लांब असला तरी सरळ आहे. मला सांगायचंय ते त्या रस्त्यावर मला लागलेल्या कूरी कोर्टाबद्दल, म्हणजे अॅबोरिजिनल (ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवासी) आरोपींच्या शिक्षेची सुनावणी होते त्या कोर्टाबद्दल. तिथे जायची संधी मिळाली तर तयारी करून जा. मी तयारीशिवाय गेले होते.

माझी ट्रेनिंगमधली प्लेसमेंट शेपर्टनला होती. मेलबर्नच्या उत्तरेला साधारण १८० किलोमीटरवरचं हे फळबागांचं गाव, योर्टा योर्टा या अॅबोरिजिनल लोकांच्या भूमीवरचं. व्हिक्टोरियातलं पहिलं कूरी कोर्ट २००२ मध्ये इथेच सुरू झालं. ‘कूरी’ हे व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समधले अॅबोरिजिनल लोक स्वतःसाठी वापरतात ते नाव.

समाजातले एल्डर, म्हणजे मान असलेली वडीलधारी माणसं, शिक्षेच्या सुनावणीला बसतात हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो जातपंचायत. वाळीत टाकणं, दंड, भर सभेत मागायला लावलेली माफी. ज्या प्रकाराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराचा कायदा करावा लागला, तेच इथे सरकारमान्य चाललंय की काय, अशी मला धास्ती वाटली. तुम्हालाही वाटेल, म्हणून आधीच सांगते: कूरी कोर्ट हा मॅजिस्ट्रेट कोर्टाचाच एक विभाग आहे. कायदा तोच, शिक्षेची तरतूद तीच आणि शिक्षा ठरवतो फक्त मॅजिस्ट्रेट. आरोपीने गुन्हा कबूल केलेला असावा लागतो आणि इथे यायला त्याची स्वतःची तयारी लागते. लैंगिक गुन्हे इथे चालत नाहीत.

मग एल्डर कशासाठी? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. कोठडीत झालेल्या ९९ अॅबोरिजिनल मृत्यूंची चौकशी करायला १९८७ मध्ये रॉयल कमिशन नेमलं गेलं आणि १९९१ मध्ये त्याने ३३९ शिफारशी केल्या. कमिशनचा एक निष्कर्ष मला अजून अस्वस्थ करतो. कोठडीत गेलेला अॅबोरिजिनल माणूस इतर कैद्यांपेक्षा जास्त प्रमाणात मरत नव्हता. मुळात तो कोठडीतच कितीतरी जास्त प्रमाणात जात होता. आजही देशाच्या लोकसंख्येत चार टक्क्यांच्या आसपास असलेल्या या लोकांचा तुरुंगातला वाटा एक तृतीयांशाहून जास्त आहे. ज्या कोर्टांनी आणि पोलिसांनी पिढ्यान् पिढ्या या लोकांची मुलं घरातून उचलून नेली, त्यांच्यासमोर हा माणूस तोंड उघडणार कसा? पोर्ट अॅडलेडला १९९९ मध्ये नुंगा कोर्ट सुरू झालं, पाठोपाठ न्यू साउथ वेल्समधल्या नाउराचं सर्कल सेंटेन्सिंग, ब्रिस्बेनचं मरी कोर्ट. ही सगळी कूरी कोर्टासारखीच, एल्डरांना सोबत घेऊन बसणारी; सगळ्यांची सुरुवात याच प्रश्नातून झाली.

आत गेल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतं ते टेबल. लंबगोल, मोठं. मॅजिस्ट्रेट उंच आसन सोडून तिथे एल्डरांच्या बरोबरीने बसतात. आरोपी, त्याच्या घरचं कुणी, वकील, पोलीस प्रॉसिक्युटर, कूरी कोर्ट ऑफिसर, सगळे त्याच टेबलाभोवती. मी पाहिलेल्या खटल्याचे तपशील सांगणार नाही, ते सांगायचा हक्क माझा नाही. एवढंच सांगते की वकील बोलत असताना तो तरुण मख्ख बसला होता आणि एका एल्डर बाईंनी त्याच्या आजीचा विषय काढल्यावर त्याला मान वर करता येईना. त्या त्याच्यावर रागावल्या, चांगल्याच रागावल्या. पण त्या रागात ‘तू आमचा आहेस’ हे खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू येत होतं. माझी जातपंचायतीची धास्ती तिथे गेली. पंच माणसाला समाजाबाहेर काढतात; या बाई त्याला आत ओढत होत्या.

आता माझी चूक. सुनावणीआधी अशिलाशी बोलताना मी जामिनाच्या अटी भराभर वाचून दाखवल्या आणि प्रत्येक अटीनंतर विचारलं, “समजलं ना?” प्रत्येक वेळी उत्तर आलं, “हो.” नंतर माझ्या वरिष्ठ वकील बाईंनी त्यालाच त्या अटी त्याच्या शब्दांत सांगायला लावल्या, तेव्हा दोन अटी त्याला मुळीच कळल्या नव्हत्या हे दिसलं. त्यातली एखादी मोडली असती तर तो पुन्हा आत गेला असता. अधिकाराच्या जागी बसलेल्या माणसाला ‘हो’ म्हणून मोकळं होणं इथे फार दिसतं. त्यामुळे होकारार्थी उत्तर सुचवणारे प्रश्न टाळा. उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या, मध्ये बोलू नका. नजरेला नजर दिली नाही म्हणजे माणूस खोटं बोलतोय, असंही समजू नका. आपल्याकडेही मोठ्यांसमोर मान खालीच असते की.

एल्डरांना ‘आंटी’, ‘अंकल’ म्हणतात. आपण सोसायटीतल्या कुणालाही म्हणतो तसं ते नाही. तो मानाचा शब्द आहे. कसं हाक मारायची ते कूरी कोर्ट ऑफिसरला आधी विचारा, सुनावणीला बसायची परवानगीही त्यांच्याचकडे मागा. ‘सॉरी बिझनेस’मुळे, म्हणजे कुणी गेल्यामुळे, तारीख पुढे ढकलली तर कुरकुर करू नका. गेलेल्या माणसाचं नाव तर विचारल्याशिवाय घेऊच नका.

याने गुन्हे कमी होतात का, हा प्रश्न तुम्हाला मुलाखतीत विचारतील. न्यू साउथ वेल्सच्या २००८ च्या अभ्यासात सर्कल सेंटेन्सिंगचा फरक दिसला नव्हता. २०२० च्या अभ्यासात तुरुंगवास आणि पुन्हा गुन्हा करणं, दोन्ही कमी आढळलं. दोन्ही सांगा.

आणि शेपर्टनला जाणार असाल तर सुनावणीच्या आदल्या दिवशीच पोहोचा. माझ्या वरिष्ठ बाई संध्याकाळी अशिलाच्या घरच्यांसोबत चहा घेत तासभर बसायच्या, वही बॅगेतच ठेवून. दुसऱ्या दिवशी टेबलावर काय बोलायचं, ते त्यांना बहुतेक तिथेच कळायचं.