उपस्थितीची जाणीव प्रश्नावलीने मोजताना या चुका टाळा

आभासी वास्तवात हेडसेट घातलेल्या माणसाला आपण खरोखरच ‘तिथे’ आहोत असे कितपत वाटले, म्हणजेच त्याची उपस्थितीची जाणीव किती होती, हे जाणून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्यालाच विचारणे. आणि सोपा असल्यामुळेच तो कमालीच्या निष्काळजीपणे वापरला जातो.

मला सर्वाधिक खटकणारी चूक म्हणजे उलट मांडलेल्या विधानांचे गुण न फिरवणे. शूबर्ट, फ्रीडमन आणि रेगेनब्रेख्त यांच्या २००१ सालच्या ‘आयपीक्यू’ या प्रश्नावलीत १४ विधाने आहेत आणि त्यांतली तीन उलटी आहेत. आपण नुसती चित्रे पाहत आहोत असे वाटले, या आशयाच्या विधानाला जितके जास्त गुण, तितकी उपस्थिती कमी; म्हणून बेरजेआधी त्याचे गुण फिरवावे लागतात, म्हणजे शून्याचे सहा आणि सहाचे शून्य. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात क्रॉनबाक अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, इतका खाली गेला होता, की ही प्रश्नावली आपल्याकडच्या लोकांना लागूच पडत नाही, असा निष्कर्ष त्याने लिहून टाकला होता. अल्फा वाढावा म्हणून सॉफ्टवेअरने सुचवलेली विधानेही त्याने वगळली होती, आणि ती नेमकी उलटी विधाने होती. मूळ कागद काढले, तेव्हा एका मुलीने ‘नुसती चित्रे’ या विधानाला शून्य आणि ‘तिथे असल्याच्या’ विधानाला सहा गुण दिलेले दिसले. तिचे उत्तर अगदी सुसंगत होते. विसंगती तक्त्यात होती. मी कच्च्या गुणांचा स्तंभ कधीच बदलत नाही. फिरवलेले गुण शेजारच्या नव्या स्तंभात लिहितो, त्याच्या नावात ‘उलट’ हा शब्द घालतो आणि अल्फा काढण्यापूर्वी काही कागद डोळ्यांनी वाचतो. एवढा वेळ ज्यांना काढवत नाही, त्यांनी प्रयोगाच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी चूक अधिक खोल आहे: सरासरी वर आली म्हणजे उपस्थिती सिद्ध झाली, असे मानणे. उसोह आणि सहकाऱ्यांनी २००० साली २० जणांपैकी निम्म्यांना खऱ्या कार्यालयात आणि निम्म्यांना त्याच्या आभासी प्रतिकृतीत एक खोका शोधायला लावला. उपस्थिती मोजणाऱ्या दोन प्रश्नावल्यांपैकी विटमर-सिंगर प्रश्नावलीला या दोन गटांत फरक दिसला नाही आणि स्लेटर-उसोह-स्टीड प्रश्नावलीला जेमतेम दिसला. पुढे २००४ साली स्लेटर यांनी दाखवून दिले, की ‘कालचा दिवस किती रंगीत होता’ असे काहीबाही विचारले तरी लोक गुण देतात आणि त्या गुणांतून नीटनेटके संबंधही निघतात. म्हणून प्रश्नावली एकाच माध्यमातल्या दोन रचनांची तुलना करण्यापुरती वापरावी आणि वर्तनाची नोंद सोबत ठेवावी. आभासी खड्ड्याच्या काठावर माणूस पाऊल मागे घेतो का, नाडी वाढते का, हे मी त्याच सत्रात टिपून ठेवतो.

हेडसेट काढून, चहा घेऊन, फोन पाहून झाल्यावर प्रश्नावली भरून घेऊ नये; शक्य असल्यास ती आभासी दृश्यातच विचारावी. आपल्याला हवी तेवढीच विधाने तीन प्रश्नावल्यांतून उचलून नवी जुळणी करू नये. हेडसेटमुळे होणारी मळमळ वेगळ्या प्रश्नावलीने मोजावी. स्लेटर-उसोह-स्टीड प्रश्नावलीत काही जण सातपैकी सहा किंवा सात गुणांची उत्तरे किती आली ते मोजतात, तर काही सरासरी घेतात. आपण काय केले ते लिहावे आणि या दोन पद्धतींचे आकडे कधीही शेजारी ठेवू नयेत.