तीन स्टार दिसले म्हणजे पीआयच असं नसतं

गणपती बंदोबस्तात एकदा मी एका एसीपींना (सहायक पोलीस आयुक्त) चारचौघात "पीआय साहेब" (पीआय म्हणजे पोलीस निरीक्षक) म्हणालो होतो, ते काही बोलले नाहीत पण शेजारच्या हवालदाराने जे बघितलं ना माझ्याकडे... तेव्हापासून महाराष्ट्र पोलिसांचे खांदे नीट बघायला शिकलो, तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट, स्टार मोजू नका, आधी फीत बघा. खांद्यावरच्या पट्टीच्या बाहेरच्या टोकाला, म्हणजे दंडाकडे, रंगीत फीत असते. ती लाल-निळी असेल तर एक स्टार म्हणजे एएसआय (सहायक उपनिरीक्षक), दोन म्हणजे पीएसआय (उपनिरीक्षक, आपला फौजदार, ज्यासाठी पुण्यातल्या अभ्यासिका पहाटेपासून भरतात आणि मग नाशिकच्या अकादमीत ट्रेनिंग होतं ते हेच दोन स्टार) आणि तीन म्हणजे पीआय. आता गोची इथे आहे. एपीआयलाही (सहायक निरीक्षक) तीनच स्टार असतात, फक्त त्याची फीत नुसती लाल असते, निळा रंग नसतो. लांबून बघितलं तर हमखास फसायला होतं. आणि तीन स्टार आहेत पण फीतच नाही, तर समोर डीवायएसपी (उपअधीक्षक) किंवा शहरात असाल तर एसीपी, म्हणजे पीआयचे पण साहेब. माझा घोळ तिथेच झाला होता, फीत नाही म्हणून मला वाटलं धुतल्यावर निघाली असेल 😅

खांदा मोकळा असेल तर दंडाकडे बघा, बाहीवर व्ही आकाराच्या तीन फिती म्हणजे हवालदार, काहीच नसेल तर शिपाई.

अशोकस्तंभ दिसला की मोठे साहेब. नुसता अशोकस्तंभ म्हणजे अप्पर एसपी, खाली एक स्टार आला की एसपी (पोलीस अधीक्षक), शहरात त्यालाच डीसीपी (पोलीस उपायुक्त) म्हणतात, पण सिनियर डीसीपीला दोन स्टार पण असू शकतात. तीन स्टार असले की डीआयजी (उपमहानिरीक्षक), मुंबईत तेच अप्पर पोलीस आयुक्त. त्याच्या वर तलवार आणि बॅटनची (छोट्या दंडुक्याची) फुली येते, फुली आणि एक स्टार म्हणजे आयजी (महानिरीक्षक), फुली आणि अशोकस्तंभ म्हणजे एडीजी (अप्पर महासंचालक) किंवा थेट डीजी (महासंचालक). यांच्याशी आपला संबंध यायची वेळ सहसा येत नाही, आली तर स्टार मोजायच्या भानगडीत पडू नका.

आर्मीवाल्यांना हा हिशोब लावू नका बरं का. तिकडे फीत नसलेले तीन स्टार म्हणजे कॅप्टन आणि नुसता अशोकस्तंभ म्हणजे मेजर. पण फितीची गंमत तिकडे पण आहे, फितीसोबत दोन स्टार म्हणजे सुभेदार, लेफ्टनंट नव्हे.

अजून एक, खाकी आणि स्टार दिसले की पोलीसच असंही नाही, आरटीओ आणि फॉरेस्टवाले पण खाकीत असतात. म्हणून पट्टीच्या टोकाला धातूची बारीक अक्षरं असतात ती वाचा. 'मपो' म्हणजे महाराष्ट्र पोलीस, 'मपोसे' (महाराष्ट्र पोलीस सेवा) असेल तर राज्य सेवेतले अधिकारी, 'भापोसे' (भारतीय पोलीस सेवा) किंवा आयपीएस असेल तर कळलंच.

पोलीस स्टेशनला तक्रार घेऊन गेलात आणि ठाणे अंमलदार (तिथे तक्रार नोंदवून घेणारा ड्युटीवरचा पोलीस) दाद देत नसेल तर लाल-निळी फीत आणि तीन स्टारवाले शोधा. मुंबईत एका ठाण्यात असे दोन-तीन पीआय असतात आणि सिनियर पीआयच्या (ठाण्याचे प्रमुख) खांद्यावर वेगळं काहीच नसतं, तेव्हा केबिनबाहेरची पाटी वाचा. आणि पावसाळ्यात रेनकोटखाली सगळे खांदे झाकलेलेच असतात, तेव्हा सरळ "साहेब" म्हणायचं, नाहीतर "मॅडम", कुणालाच राग येत नाही.