वंशावळीतून जुन्या गुप्तरोगांचा माग कसा काढावा

वंशावळीत ‘दत्तक’ किंवा ‘निर्वंश’ दिसलं की दोष सुनेच्या माथी मारून आपण मोकळे होतो. नवऱ्याने बाहेरून आणलेला परमाही (गोनोरिया) त्याला कारण असू शकतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घराण्यांत हे तपासायचं असेल तर हेळव्यांच्या (घराण्यांच्या वंशावळी सांभाळणाऱ्या भटक्या जमातीच्या) नोंदी, दत्तकपत्रं आणि जन्म-मृत्यूची रजिस्टरं एकत्र ठेवून बसा.

आधी तक्ता आखा. इंग्लंड-वेल्सच्या 1911 च्या जनगणनेत लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, त्यांतली हयात किती आणि वारलेली किती, हे विचारलं होतं. तेच रकाने घ्या. शिवाय लग्नाच्या वेळचं वय, नवऱ्याचा धंदा आणि तो राहिला कुठे, हेही लिहा. हा शेवटचा रकाना टाळू नका. युरोपच्या औद्योगिक शहरांत उशिरा लग्न करणारे कामगार, खलाशी, शिपाई यांच्यामार्फत रोग घरात शिरत होता. आपल्याकडे पलटण, गिरणी, मुंबईची नोकरी असं काही सापडतं का पाहा.

मग क्रम वाचा. परमा बाईच्या गर्भनलिका बुजवतो, आणि तिला बहुधा त्रासही जाणवत नाही. म्हणून एकतर मूलच नाही, नाहीतर एक बाळंतपण आणि पुढे सगळं बंद. बाळंतपणानंतर जंतू वर चढतात, त्यामुळे हा दुसरा प्रकार घडतो. गरमीचं (सिफिलिसचं) तसं नाही. तिच्यात गर्भ राहतो, पण चौथ्या महिन्यानंतर पडतो. नंतर मेलेलं मूल, मग अल्पायुषी, आणि कधी शेवटी धडधाकट मूल होतं. न्यूयॉर्कच्या डॉक्टर नोगेराथने 1872 मध्ये सांगितलं, की बरा झालेला वाटणारा नवराही बायकोला वांझ करू शकतो. लोकांनी त्याला उडवून लावलं. परम्याचा जंतू जर्मन डॉक्टर नायसरला सापडला 1879 मध्ये.

हिशेब पंचेचाळिशी ओलांडलेल्या, नवऱ्याजवळ नांदलेल्या बायकांचाच करा. तरुणपणी लग्न झालेल्यांत रोग नसतानाही साधारण 3 ते 5 टक्के जोडपी अपत्यहीन राहतात. 50 जोडप्यांत हा आकडा दीड ते अडीचच येतो, त्यावरून काही ठरत नाही. निदान 300 जोडपी हवीत. त्यांत 9 ते 15 अपेक्षित असताना 30 निघाली, तर संशयाला जागा आहे.

फसगत बहुतेकदा नोंदींमुळे होते. वंशावळीत मुली आणि तान्हेपणी गेलेली मुलं गळतात, त्यामुळे ‘निपुत्रिक’ घरात तीन मुली असू शकतात. क्षयही गर्भनलिका बुजवतो, हिवतापाने गर्भ पडतो. कित्तूर संस्थानाच्या 1824 च्या दत्तकवादासारखं प्रकरण केवळ वारस नव्हता म्हणून या यादीत ओढू नका. छावण्यांच्या कागदांवरही फार विसंबू नका: 1868 च्या संसर्गजन्य रोग कायद्याखाली (तो 1888 मध्ये रद्द झाला) सक्तीची तपासणी नोंदलेल्या वेश्यांची व्हायची, घरच्या बायकांची नाही.

पेनिसिलिन 1940 च्या दशकात आलं, पण बुजलेल्या नलिका त्याने उघडत नाहीत. म्हणून सुधारणा शोधायची ती त्यानंतर लग्न झालेल्या जोडप्यांत. आणि तक्त्यात नावापुढे रोग लिहू नका, फक्त क्रमाचा प्रकार लिहा. त्या घरची नातवंडं अजून गावातच असतात.