जुनं स्लॉट मशीन घ्यायला निघण्याआधी

आदल्या रात्री गाडीची डिकी रिकामी करून ठेवा. टेबलावर ठेवायचं जुनं स्लॉट मशीन, म्हणजे नाणं टाकून दांडा ओढला की चित्रांची रिळं फिरवणारं जुगाराचं यंत्र, दिसायला देव्हाऱ्याएवढं, पण वजन ३५ ते ४५ किलो भरतं. दोन जाड गोधड्या, एक दोरी आणि कंबर शाबूत असलेला एक मित्र सोबत हवा. मित्राला या छंदाची आवड नसेल तर फारच बरं. तुम्ही एखाद्या मशीनला भुललात की दंडाला धरून बाहेर काढायला कुणीतरी लागतं.

मी शिकागोजवळ राहतो, आणि या वेडासाठी याहून सोयीची जागा नाही. तीन रिळांचं मशीन जन्मलं सॅन फ्रान्सिस्कोत. बव्हेरियाहून आलेल्या चार्ल्स फे नावाच्या मेकॅनिकने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे 'लिबर्टी बेल' बनवलं. तीन घंटा एका रेषेत आल्या की दहा निकेल, म्हणजे पन्नास सेंट, एवढंच त्याचं मोठ्यात मोठं बक्षीस. पण धंदा वाढला तो शिकागोत. मिल्स, वॉटलिंग, जेनिंग्ज, पेस ही सगळी इथली घराणी, आणि डेट्रॉइटचे केल बंधू शेजारचेच म्हणायचे. त्यामुळे इथल्या म्हाताऱ्यांच्या तळघरांतून आजही कधीमधी एखादं मशीन बाहेर येतं.

पैसे मोजण्याआधी कायदा बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. आमच्या इलिनॉय राज्यात २५ वर्षांपेक्षा जुनं मशीन, जुगारासाठी वापरत नसाल तर, घरात ठेवता येतं. कॅलिफोर्नियातही मर्यादा २५ वर्षांचीच आहे. बाकी राज्यांचे नियम निरनिराळे, काहींत तर मशीन कितीही जुनं असलं तरी चालत नाही. शिवाय जुगाराची यंत्रं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर १९५१ च्या जॉन्सन अ‍ॅक्टची बंधनं आहेत, म्हणून शेजारच्या राज्यातला सौदा स्वस्त दिसला तरी आधी चौकशी करा. बिलावर कंपनीचं नाव, अंदाजे साल आणि मशीनचा क्रमांक लिहून घ्या. दिवाळीत आमच्याकडे तीन पत्ती रंगते तेव्हा कुणीतरी म्हणतंच, "काढ रे तुझं मशीन, लावू पैसे." मी निकेलची वाटी स्वतःची ठेवतो आणि खेळ संपला की परत मोजून घेतो. भारतातले नातेवाईक "एक इकडे पाठव की" म्हणतात, त्यांना मी १८८७ चा जुगारबंदीचा कायदा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे एवढंच सांगतो.

आता पिशवी. छोटा टॉर्च, भिंग, चुंबक, चपटा स्क्रूड्रायव्हर, मोजपट्टी आणि नोटा तपासायचा अतिनील दिवा. त्यात बँकेतून आणलेली निकेलची एक वळकटी, म्हणजे ४० नाणी, दोन डॉलरची. मशीन डाइमचं (दहा सेंट) किंवा क्वार्टरचं (पंचवीस सेंट) असेल तर ती नाणी. विकणाऱ्याकडे सुट्टे नसतात, आणि नाणं न टाकता मशीन विकत घेणं म्हणजे इंजिन सुरू न करता गाडी घेणं.

ओळख पटवण्याचा अभ्यास मात्र घरीच झाला पाहिजे, आणि इथे घाई करू नका. लोक पुढचा चेहरा बघून नाव सांगतात. गरुड दिसला की मिल्सचं १९३१ चं 'वॉर ईगल', नाण्यांनी ओसंडणारी शिंगं दिसली की वॉटलिंगचं १९३५ चं 'रोल-अ‍ॅ-टॉप', अमेरिकन आदिवासी सरदाराचा चेहरा दिसला की जेनिंग्जचं 'चीफ'. हे खरं, पण चेहरा चार बोल्ट काढले की बदलतो. त्या काळीच बदलायचे: आतलं यंत्र दणकट, म्हणून जुन्या यंत्रावर नवा मुखवटा चढवून मशीन पुन्हा दुकानात जायचं. नंतर हौशी लोकांसाठी मुखवट्यांच्या नकलाही ओतल्या गेल्या. खरा ओतीव भाग साच्यासाठी वापरून नक्कल काढली की अ‍ॅल्युमिनियम थंड होताना आकसतं, नक्कल अंगाने किंचित लहान होते आणि बारकावे बुजतात. म्हणून गरुडाच्या पिसांवर भिंग धरा. खऱ्यात पिसांच्या रेघा बोटाला टोचतात, नकलेत त्या साबणावरच्या अक्षरांसारख्या वाटतात. मोजपट्टी याचसाठी घेतली आहे. खऱ्या मुखवट्याची मापं आधी एखाद्या जाणत्याकडून घेऊन ठेवा. चुंबकाचं काम सोपं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची म्हणून दाखवलेली बिडाची पेटी चुंबकाला धरत नसेल तर हसून पुढे चला.

स्क्रू बघायला विसरू नका. अधिक चिन्हाच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३६ च्या सुमारास वापरात आले. १९३१ च्या मशीनच्या अंगावर ते दिसले, तर नंतर कुणाचा तरी हात फिरलाय. हात फिरला म्हणजे मशीन वाईट असं नाही, पण किंमत मूळची सांगत असतील तर बोलायला मुद्दा मिळतो.

मग रिळांवरच्या कागदी पट्ट्या. जुन्या 'बेल', म्हणजे तीन रिळांच्या, मशीनच्या एका रिळावर २० चित्रं, तिन्ही मिळून ८००० जोड्या. फेच्या मशीनवर रिळाला दहाच चित्रं होती, म्हणजे १००० जोड्या. चेरी, संत्रं, आलुबुखार, लिंबू ही फळं १९१० च्या आसपास आली. जुगारबंदी चुकवायला मशीन च्युइंग गम विकतंय असा देखावा करायचे, फळं ही त्या गमची चव. रिळावरचं ओळखीचं 'बार' हे चित्र त्या गमच्या वेष्टनावरून आलं असं जाणकार सांगतात. मशीनच्या बाजूला गम ठेवायचा उभा कप्पा असेल तर तोही याच पळवाटेची खूण. पट्टीवर अतिनील दिवा मारा. १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत चमक आणणारं रसायन असतं, ते निळसर उजळतं. जुना कागद मख्ख राहतो.

माझं पहिलं 'वॉर ईगल' मी यातलं काहीच न करता घेतलं. पिसं साबणासारखी, स्क्रू फिलिप्सचे, आणि घरी आणून दिवा मारला तेव्हा तिन्ही रिळं दांडियातल्या पांढऱ्या कुर्त्यासारखी चमकली. विकणाऱ्याला दोष देत नाही, त्याने "चालतं" एवढंच सांगितलं होतं आणि ते चालत होतं.

प्रत्यक्ष बघताना पाठीमागचं दार उघडून मागा. "किल्ली हरवली" हे उत्तर आलं तर किंमत उतरवा किंवा निघा. कुलूप तोडून आत काय निघेल याचा जुगार तुम्ही खेळायचा नाही. दार उघडलं की आधी क्रमांक शोधा. पेटीवरचा आणि आतल्या यंत्रावरचा जुळतो का ते बघा. मग प्रत्येक रिळाच्या बाजूच्या भोकं पाडलेल्या चकत्या बघा. रिळं थांबली की पोलादी बोटं त्या भोकांत चाचपतात. भोक सापडलं की बोट आत शिरतं, आणि कुठली बोटं शिरली यावरून खालच्या सरकपट्ट्या नाणी साठवायच्या नळीतली दोन, चार, दहा नाणी ढकलतात. सगळं गणित भोकांत आणि स्प्रिंगांत, विजेची तार कुठे नाही. रिळाच्या दातेरी चाकावर एखादी छोटी पोलादी क्लिप अडकवलेली दिसली तर ती काढू नका, फोटो काढा. दुकानदार ती बसवायचे, म्हणजे जॅकपॉटच्या चित्रावर ते रीळ कधी थांबायचंच नाही. अशी क्लिप सापडलेलं मशीन मला दुप्पट आवडतं.

आता नाणं टाका आणि दांडा एकाच दमात खालपर्यंत ओढून सोडा, मध्ये थांबू नका. आत पंख्याचं छोटं घड्याळ असतं, ते घरघरतं आणि रिळं डावीकडून एकेक थांबवतं: टक्, टक्, टक्. दोन एकदम थांबली किंवा तिसरं थांबतच नसेल तर घड्याळ सुकलंय किंवा झिजलंय. अडकलेला दांडा जोर लावून ओढू नका. मशीन ऐंशी-नव्वद वर्षांचं आहे, आणि न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९३४ मध्ये घणाने फोडून पाण्यात बुडवलेल्या ढिगातून त्याची भावंडं वाचली नाहीत.

सौदा झाला की उचलण्याआधी नळीतली, जॅकपॉटच्या काचेमागची आणि गल्ल्यातली सगळी नाणी काढा. नंतर यंत्र मागून सरकवून बाहेर घ्या आणि पेटी वेगळी, यंत्र वेगळं न्या. दुसऱ्या खरेदीला मी आळस केला. वळणावर मशीन आडवं झालं, नळीतली नाणी सरकपट्ट्यांमध्ये घुसली आणि तीन संध्याकाळ मी चिमट्याने निकेल वेचत बसलो.

घरी आल्यावर फवारणीचं तेल मारायचा मोह होईल. मारू नका. जुनं वंगण खळीसारखं घट्ट झालेलं असतं, वरून तेल पडलं की त्यात धूळ बसून ती खळ आणखी चिकट होते. आधी पुसा, मग घड्याळाचं तेल थेंबाथेंबाने. रंग उडाला असेल तर उडू द्या, मूळ रंगाच्या खपल्यांना नव्या रंगापेक्षा जास्त भाव मिळतो.

थोडक्या पैशांत ही सवय लावून घ्यायची असेल तर वॉटलिंगने वजनकाटेही बनवले, तेही बघा. लहानपणी स्टेशनवर नाणं टाकून लाल दिवे लुकलुकताना बघत वजनाचं तिकीट आणि त्यामागचं भविष्य घेतलेल्या माणसाला त्यात जुगाराइतकीच मजा येईल, आणि कायद्याचा ताप नाही.

राहिलं टेबल. ते आधीच घ्या, जड लाकडाचं, आणि दांडा ओढल्यासारखं एका बाजूने जोरात ओढून बघा. दुकानांत ही मशिनं स्टँडला तळातून बोल्ट लावून घट्ट बसवायचे, तळाची ती भोकं अजून असतात. दोन बोल्ट आणि दोन रुंद वॉशर निघण्याआधीच घरात आणून ठेवा.