"अंगावर आला" म्हणजे नक्की काय?

पोलीस ट्रेनिंगला निघालेल्या दोघीतिघींनी विचारलं, ताई, ठाण्यातल्या महिला डेस्कवर काय सांभाळायचं. कलमं तुम्हाला येतातच, सासरच्या छळाच्या ४९८अ चं आता न्याय संहितेत ८५ झालं वगैरे मी सांगत बसत नाही. मी कुठे आपटले ते सांगते.

मी इंदूरची, रामबागेत वाढलेली, घरात मराठी बाहेर हिंदी. पहिल्याच पोस्टिंगला रात्री एक बाई आली, मराठीच, टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, म्हणाले तुमच्यातलीच आहे, तुम्हीच घ्या बयान, म्हणजे जबाब. मलाही बरं वाटलं, आपली भाषा, पटकन उरकेल. (तपशील बदललेत हं, पीडितेची ओळख उघड न करण्याचं न्याय संहितेचं कलम ७२ आपल्यालाही लागू आहे.) ती म्हणाली, "दीर अंगावर आला." मी हिंदीत लिहिलं, 'देवर मारने दौड़ा'. अंगावर आला म्हणजे काय गं, हे विचारलंच नाही. वाचून दाखवलं, तेही हिंदीतच, तिनं मान हलवली. त्या रात्री तिनं कशालाही मान हलवली असती.

सहा दिवसांनी वन स्टॉप सेंटरमधल्या, म्हणजे पीडित बायकांच्या सरकारी मदत केंद्रातल्या बाईंकडे तिनं खरं काय ते सांगितलं, दिरानं जबरदस्ती केली होती. मग धावाधाव. मेडिकल केलं पण तोवर कपडे धुतलेले, काय मिळणार? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली मॅजिस्ट्रेटसमोर ती नीट बोलली, आणि पुढे उलटतपासणीत वकिलानं दोन्ही कागद शेजारी धरून तिलाच विचारलं, आधी का नाही सांगितलं. सुनावणी इन-कॅमेरा, मी बाहेर बाकावर, हे सरकारी वकिलांनी नंतर सांगितलं. अहो, ती बोलली होती, मीच लिहिलं नव्हतं. अशा गुन्ह्यात बयान घेणारी बाईच हवी असं कायदा म्हणतो, पण बाई आहे, त्यात मराठी आहे म्हणून आपल्याला आपोआप कळतं हा माझा माज होता.

तेव्हा तिचा शब्द जसाच्या तसा अवतरणात लिहा, मराठी, माळवी, निमाडी जे असेल ते, आणि पुढे तिनं सांगितलेला अर्थ हिंदीत. "का" विचारू नका, "मग काय झालं" विचारा आणि गप्प बसा. ती गप्प राहिली तर राहू दे, टाइप करणाऱ्या पोराला बाहेर चहाला पाठवा.

मुन्शीच्या, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिकाच्या, पेनड्राइव्हमधला तयार मसुदा तर घेऊच नका. प्रत्येक फरियादी 'बुरी नियत से हाथ पकड़ा' असंच कशी काय बोलते, जज काय वेडे आहेत? आणि जुने लोक सांगतील, मॅडम, दोघांना समोर बसवा, मिटतं. नवऱ्यासमोर कोण बोलणार आहे, सांगा बरं? एक प्रधान आरक्षक (हेड कॉन्स्टेबल) बाई मात्र मला भेटल्या, कागदच काढायच्या नाहीत आधी, पाणी द्यायच्या आणि मूल कुठे झोपलंय विचारायच्या. माझं खरं ट्रेनिंग ते.

२००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी आहे, मोफत वकील मिळतो, हे तिला सांगणं आपलं कामच आहे, कलम ५ बघून घ्या.

सुरुवातीला झोप लागत नाही, लागते हळूहळू, घाबरू नका. चुकाल, मीही अजून चुकते. फक्त पोक्सोचं, म्हणजे लैंगिक अत्याचार झालेल्या लहान मुलाचं, बयान असेल तर युनिफॉर्मवर जाऊ नका, कलम २४ मध्ये लिहिलंय तसं. माझ्या स्कूटीच्या डिक्कीत एक साधा कुर्ता कायम असतो.